दातखिळीतला चमचा

मी एक जुना स्टीलचा चमचा आहे, मित्रांनो. पण माझ्या तोंडाला कधी साखर लागली नाही. माझ्या दांडीवर खाचा दिसतात ना? त्या माणसांच्या दातांच्या आहेत.

कारखान्यात ठोकून, घासून मला घडवलं आणि तिथून मी थेट आलो मोठ्या दवाखान्यात, आकडीच्या वॉर्डात. कुणाला आकडी आली, हातपाय आपटायला लागले, की मोठे सर ओरडत, "चमचा आणा! जीभ चावेल!" दोघं जण रोग्याचे खांदे दाबून धरत आणि सर मला आवळलेल्या दातांत घुसवत. हिरड्या फाटायच्या, दात कडकन मोडायचे, रक्त माझ्यावरून ओघळायचं. मिनिटा-दोन मिनिटांत झटके थांबत. "बघा, चमच्यानं वाचवलं!" सर विद्यार्थ्यांना सांगत. मी आपला फुगून टम्म!

एका वर्षी विद्यार्थ्यांत एक मुलगी आली. तिला सगळे 'कशावरून' म्हणत, कारण ती उठसूट तेच विचारी.

"सर, चमच्यानंच थांबली कशावरून? आपोआप थांबली असेल तर?"

"तीस वर्षं करतोय मी हे!" सर कडाडले.

"तो अनुभव झाला, सर. पुरावा कुठाय?"

पोरगी भारी चिवट. शेजारच्या वॉर्डात चमचा वापरत नसत. तिनं दोन्हीकडचे जुने केसपेपर उपसले, बाहेर छापलेले अभ्यासही वाचले. आकडी तिकडेही तेवढ्याच वेळात थांबत होती. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, अशी माझी सगळी कीर्ती! मोडलेले दात मात्र फक्त आमच्याकडे. शिवाय एक गवंडी. त्याच्या दाताचा तुकडा श्वासनळीत गेला आणि तो तडफडून मेला. मला आठवतो तो. हे सगळं तिनं लिहून सरांपुढे ठेवलं, तर त्यांनी तिचे कागद जमिनीवर भिरकावले.

तेवढ्यात समोरच्या खाटेवरच्या बारा वर्षांच्या मुलीला आकडी आली. तिचा बाप बसड्रायव्हर, गडी दांडगा. त्यानं मला झडप घालून उचललं.

"काका, नको!" 'कशावरून'नं माझी दांडी धरली.

"माझी पोर मरतेय, सोड!" त्यानं तिच्या थोबाडीत मारली. चष्मा फुटला, ओठ फाटला. दुसरी बसली, तिसरी बसली. तिनं मला सोडलं नाही. "सर, तिला कुशीवर वळवा! घड्याळ बघा! पाच मिनिटांवर गेलं तर इंजेक्शन तयार आहे!"

सरांनी गुडघे टेकून मुलीला कुशीवर वळवलं. एक मिनिट. दोन. बाप 'कशावरून'च्या पाठीत बुक्क्या घालतच होता. तिसऱ्या मिनिटाला झटके थांबले आणि पोरीनं खोल श्वास घेतला. दात सगळे जागच्या जागी होते. बाप मटकन खाली बसून रडायला लागला.

"पटलं मला," सर म्हणाले.

ओठाचं रक्त पुसत ती म्हणाली, "सर, ही एक मुलगी म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा तुम्ही फेकलेल्या कागदांत आहे."

सरांनी वाकून एकेक कागद गोळा केला. गवंड्याचा हाती आला, तेव्हा तो त्यांनी शेवटपर्यंत वाचला.

तेव्हापासून दरवर्षी पहिल्या तासाला सर मला टेबलावर ठेवतात. "यानं मी एक माणूस मारला," ते सांगतात. "तेव्हा मला कुणी अडवलं नाही. तुम्ही अडवा."

मित्रांनो, मला घासूनपुसून जपा, पण कुणाच्या दातांत घालू नका. लाज वाटते हो मला, त्या सगळ्या कौतुकाची.