अकरावी सिगारेट

"दिवसाला किती पाकिटं, ते सांगा मिस व्हर्लीन," तपासणीचे फॉर्म भरून घेणारी टमेका म्हणाली.

"अगं पोरी, मी जन्मात पाकीट घेतलं नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात सुट्ट्या सिगारेटी मिळायच्या. दोन घ्यायच्या, ओढायच्या. घरात पाकीट आणलं की दिवसात उडतं, म्हणून."

"बरं, मग अंदाजे?"

"आठ. शनिवारी बारा. लिही दहा."

फॉर्मवर सुट्ट्यांना जागा नव्हती. पाकिटात वीस, म्हणून टमेकाने अर्धं पाकीट लिहिलं.

व्हर्लीन टब्ज अमेरिकेतल्या मेम्फिसच्या या इस्पितळाच्या तळघरात एकतीस वर्षं चादरी धूत होती. फुप्फुसं तपासायच्या यंत्रावरची चादरसुद्धा तिच्याच हातची. चार महिन्यांपूर्वी तिचा धाकटा भाऊ ओडेल फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला. वय सत्तावन्न. कळलं तेव्हा रोग हाडात उतरला होता. त्याला माती देऊन आली त्या दिवशी तिने सिगारेट सोडली. आज जेवणाच्या सुट्टीत न जेवताच ती त्या तपासणीसाठी नाव द्यायला वर आली होती. खोकला नाही, धाप नाही. पण ओडेललाही कुठे काय होत होतं?

"विसाव्या वर्षी सुरू केली, आता अठ्ठावन्न," टमेकाने बोटांवर मोजलं. "म्हणजे अडतीस वर्षं, रोज अर्धं पाकीट. रोज एक पाकीट धरलं तर एकोणीस वर्षं होतात. फॉर्मला वीस लागतात, नाहीतर विमा पैसे देत नाही."

"मग दोन वर्षांनी येऊ?"

टमेका खाली बघत म्हणाली, "तुम्ही सोडलीत ना. आता आकडा वाढायचा नाही."

व्हर्लीनला आधी कळेचना. कळलं तेव्हा तिचं डोकं सणकलं. "म्हणजे सोडली हे चुकलं? घरी जाऊन आणखी दोन वर्षं धूर काढू आणि मग येऊ? आमच्या धुलाईतली पॅटी, ती गोरी गं, दीड दीड पाकीट ओढते. परवा झोपवलं तिला यंत्रात, पाच मिनिटांत बाहेर. मला म्हणाली, तूही जा, काही लागत नाही. काही लागत नाही म्हणे!"

"आपल्या लोकांना हा रोग कमी ओढूनही होतो, आणि लवकर होतो," टमेका हळू आवाजात म्हणाली. तीही व्हर्लीनसारखीच काळी, वयाने मुलीसारखी. "सगळे डॉक्टर जाणतात. फॉर्म नाही जाणत."

"आणि भावाचं कुठे लिहायचं?"

"त्याला रकाना नाही, मिस व्हर्लीन."

बाहेर कोणी नाही हे पाहून टमेकाने नवा कोरा फॉर्म काढला. "दहा की अकरा, तुम्हाला नक्की आठवतं का? अंदाजच आहे ना? अकरा म्हटलं तर वीसच्या वर जातं."

दर रविवारी व्हर्लीन चर्चच्या दारात पांढरे हातमोजे घालून लोकांना जागेवर बसवायची. खोटं बोलणाऱ्या पोरांना तिने किती वेळा झापलं होतं! आता स्वतःच्या जिवासाठी एका सिगारेटचं खोटं. तिला लाज वाटली, आणि आपल्याला लाज वाटते याचा त्याहून जास्त राग आला.

तिने पेन ओढून घेतलं आणि अकरा लिहिलं. 'वरील माहिती खरी आहे' या ओळीखाली आपलं पूर्ण नाव एकेक अक्षर दाबून काढलं. अक्षरं कागदाच्या मागच्या बाजूला उमटली.

"गुरुवारी दहा वाजता," टमेका सुटका झाल्यासारखी म्हणाली. "काही खाऊन आलात तरी चालेल."

व्हर्लीन उठली नाही. "ओडेल आला होता गं पोरी, दोन वर्षांपूर्वी. याच खुर्चीत बसला होता. नऊ म्हणाला, तपासणी न होताच परत गेला. सरळ माणूस."

"मी तेव्हा इथे नव्हते, मिस व्हर्लीन."

"माहीत आहे गं. तुला कोण काय म्हणतंय?" व्हर्लीन भिंतीला धरून उठली. "त्याला कोणी विचारलं नाही, नक्की नऊच का म्हणून."

सुट्टीची सात मिनिटं उरली होती. ती जिन्याने खाली उतरली.