मागे घेतलेल्या मागण्या

रांगांचं गणित शिकवणाऱ्या मास्तरांना सैन्याने बोलावून घेतलं ते तोफांसाठी. पुढच्या चौक्यांनी वायरलेसवर मारा मागायचा, तोफखान्याने आलेल्या क्रमाने तो द्यायचा आणि एकेका मागणीला सरासरी किती थांबावं लागलं ते मास्तरांनी काढायचं. पूर्वी ते हेच टपाल कचेरीच्या खिडकीसाठी करत. तिथे कंटाळलेलं गिऱ्हाईक घरी जात असे.

सहा महिन्यांत सरासरी अकरा मिनिटांवरून चारवर आली. कर्नलसाहेबांना पदक मिळालं, मास्तरांना टेबलफॅन. आता तोफांची एक तुकडी जास्तीची आहे, ती हलवावी, असा अहवाल तयार झाला. मास्तरांची सही तेवढी राहिली होती.

सहीच्या दिवशी सकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, हे म्हणतात, मारा मागून मागून घसा बसतो. आणि तुम्ही म्हणता सगळं झकास चाललंय!"

जावई सात नंबरच्या चौकीवर होता. मास्तरांनी पहिल्यांदाच मूळ नोंदवही उघडली. पाळी येण्याआधी जी चौकी बोलायची थांबली, तिच्यापुढे कारकुनाने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'मागणी मागे घेतली.' अशा मागण्या सरासरीत धरायच्या नाहीत, हा नियम मास्तरांचाच. टपाल कचेरीतून आणलेला.

"साहेब, ही माणसं घरी गेलेली नाहीत."

"मग धरा की मोजणीत. किती वेळ थांबली म्हणून लिहाल?"

"अजून थांबलीच आहेत."

"रकान्यात मावेल असं बोला, मास्तर." साहेबांनी चहा पुढे सरकवला. "जावई कुठल्या चौकीवर तुमचे?"

"सात."

"सातला कायम पहिला नंबर देऊ. झालं? करा सही."

एकाला पुढे घेतलं की मागच्यांचं थांबणं वाढतं, हे मास्तरांनी वीस वर्षं फळ्यावर सिद्ध करून दाखवलं होतं. पेन साहेबांचं होतं. छान चालत होतं.

तुकडी हलली. पंधरा दिवसांनी पुन्हा मुलीचा फोन.

"बाबा, ह्यांना आता मागितलं की दोन मिनिटांत मिळतं! पण हे जेवत नाहीत. शेजारच्या आठ नंबरवाल्यांचा आवाज ह्यांच्या सेटवर येत होता म्हणे. तासभर मागत होते. मग बंदच झाला. त्यांचं कुणी नाही का हो तुमच्या कचेरीत?"

"नाही," मास्तर म्हणाले. "जावईबापूंना सांग, जेवून घ्या."