पुठ्ठ्याची आई

येप्पेला मे महिन्यात लग्न करायचं होतं आणि त्यासाठी आधी विबेकेपासून घटस्फोट हवा होता. आमच्या या हॉर्सन्स शहरात हे काम सोपं. दोघांची ना नसली, तर घरबसल्या संगणकावर, बटाटे उकडेपर्यंत उरकतं. विबेकेची ना नव्हती. असा नवरा गेल्याचं दुःख तिनं एका शनिवारी, कपाटं आवरता आवरता आटोपून घेतलं होतं. अडलं ते एका प्रश्नावर : तुम्हा दोघांचं अठरा वर्षांखालचं मूल आहे का?

विबेकेनं ‘हो’ दाबलं. यंत्रानं नम्रपणे कळवलं, की नाही. तिनं पुन्हा दाबलं. यंत्र रुसून बंद पडलं.

तसं यंत्राचं बरोबरच होतं. अल्बर्टे ही येप्पेच्या पहिल्या बायकोची मुलगी. ती बायको बिचारी, अल्बर्टे रांगत असतानाच, वारली. तेव्हापासून शेंबूड पुसण्यापासून सायकल शिकवण्यापर्यंत सगळं विबेकेनं केलं. दत्तक घ्यायचं मात्र ‘बघू पुढच्या उन्हाळ्यात’ म्हणत राहून गेलं. त्यामुळे कायद्याच्या लेखी ती नुसती पॅपमोर, म्हणजे पुठ्ठ्याची आई. आपल्याकडे सावत्र आईला हेच म्हणतात. ‘सावत्र’ म्हटलं की चेटकीण आठवते, म्हणून सुशिक्षित लोकांनी हा प्रेमळ शब्द काढला. पुठ्ठा हलका असतो, त्याची घडी होते, आणि सामान लागलं की तो बाहेर ठेवता येतो.

कचेरीतून बोलावणं आलं. बोडिल नावाच्या अधिकारी बाईंनी दोघांना उश्यांच्या खोलीत बसवलं आणि मध्ये मेणबत्ती ठेवली. आगीच्या नियमामुळे ती बॅटरीवरची होती. आपल्याकडे संसार मोडतानाही वातावरण उबदार लागतं. आवाज चढवणं हा चोरीपेक्षा मोठा गुन्हा.

बोडिलनं समजावलं, की प्रश्न भावनेचा नाही, नोंदीचा आहे. ‘नाही’ दाबलं म्हणून प्रेम कमी होत नाही. मग हवं तर जवळची व्यक्ती म्हणून भेटीचा अर्ज करता येईल. मिळतील महिन्याकाठी काही तास.

“काही तास तर मी तिच्या केसांतला गुंता सोडवते,” विबेके म्हणाली. “मी ‘नाही’ दाबणार नाही.”

येप्पेनं शांतपणे सांगितलं, की आता लग्न होऊन लिने येणार, म्हणजे अल्बर्टेला नवी पुठ्ठ्याची आई मिळणार. दोन-दोन झाल्या तर पोरगी गोंधळून जाईल.

“पोरगी नाही गोंधळत, तू गोंधळतोस. मागच्या महिन्यात तू तिला दोनदा पियानोच्या क्लासला नेऊन सोडलंस. ती व्हायोलिन शिकते.”

बोडिलनं मेणबत्ती थोडी जवळ सरकवली. तिनं आधी अल्बर्टेशी एकटीशी बोलून घेतलं होतं. मुलांचं म्हणणं आपल्याकडे ऐकून घेतात, मानतातच असं नाही. आता तिनं विचारलं, की तेच पुन्हा सगळ्यांसमोर सांगशील का? दारात उभी असलेली अल्बर्टे आत आली आणि तिनं बूट न काढता उशीवर बसकण मारली.

“बाबाला घ्यायचाय तर घेऊ दे घटस्फोट,” ती म्हणाली. “मी नाही घेतलेला.”

बोडिलनं हळुवारपणे सांगितलं, की बाळा, कायद्यात तसं नसतं.

“मग कायद्यात कसं असतं ते तूच सांग मला,” विबेके येप्पेकडे वळली. “मे महिन्याची घाई तुझी आहे. हॉल तू घेतलायस. मग ‘नाही’ही तूच दाब. हिच्यासमोर.”

बोडिल म्हणाली, की हे नियमात बसतं का ते बघावं लागेल. विबेकेनं ते ऐकलं नाही. तिनं संगणकाचा पडदा येप्पेकडे फिरवला.

येप्पेनं चष्मा पुसला. बोट पुढे केलं. अल्बर्टे शेजारी येऊन बोटाकडे बघत राहिली, रागानं नाही, तर बाबा खरंच काय करतो या कुतूहलानं. त्याच बोटाला धरून ती पहिल्यांदा बालवाडीत गेली असती, पण त्या दिवशी बाबांची मीटिंग होती.

येप्पेनं हात मागे घेतला.

“आज नको,” तो पुटपुटला. “म्हणजे… या आठवड्यात ती कुणाकडे राहणार, ते आधी ठरवू.”

“माझ्याकडे,” विबेके म्हणाली. “पुढच्यात तुझ्याकडे. मग परत माझ्याकडे. लेखी दे.”

“आणि लिनेला मी काय सांगू?”

“खरं सांग. तुझ्या बायकोला मूल आहे.”

बोडिलनं मेणबत्ती विझवली आणि कागद पुढे ओढला. येप्पेनं सही केली. मग तो व्हरांड्यात जाऊन हॉलवाल्याला फोनवर विचारू लागला, की मे जमत नसेल तर शरद ऋतूतली एखादी तारीख आहे का. पडद्यावरचा प्रश्न तसाच लुकलुकत होता. विबेके आणि अल्बर्टे त्या प्रश्नाकडे न बघता बाहेर पडल्या आणि सायकलींची कुलुपं काढू लागल्या.