आक्काच्या संडासाची परवानगी

आमच्या बेटावर भरती चंद्रामुळे येत नाही. तालुक्याचे मोजणीदार घोसाळकर निळीत भिजवलेलं सूत ताणतात, मधोमध चिमटीत धरून सोडतात. फट् आवाज होतो, जमिनीवर निळी रेघ उठते आणि समुद्र त्या रेघेपर्यंत येऊन थांबतो. परत जात नाही.

मला घरात एक संडास बांधायचा होता, एवढंच. माझी मोठी बहीण आक्का माझ्याकडे असते. तिचे गुडघे गेलेत. संडास परसात, माडांच्या पलीकडे. मी तिला पाठीवर घेऊन जाते आणि ती वाटेत कानात म्हणते, "सुगंधा, दम लागला तर उतरव हो मला." उतरवते कुठे? चिखलात?

मी अर्ज केला. घोसाळकर होडीतून आले, चपला हातात घेऊन. चहा घेतला. "कशा आहात मावशी?" असं आक्काला विचारलं. मग घरापुढच्या खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, कडेला सूत मारलं. समुद्र माडांमधून चालत आला आणि खळ्याशी थांबला. परसातला संडास त्याच्या पोटात गेला.

"बाई, घर भरतीरेषेच्या फार जवळ आहे," ते म्हणाले. "इथे नवं बांधकाम बसत नाही."

"रेघ तुम्ही आत्ता मारलीत."

"आम्ही फक्त नोंद घेतो."

मी सातवीपर्यंत शिकलेली. पण नियमांचं पुस्तक आणून, भात रटरटत असताना पाट घेऊन वाचलं. जुन्या घराची त्याच जोत्यावर दुरुस्ती करता येते, असं त्यात होतं. मी दुरुस्तीचा अर्ज केला. घोसाळकर पुन्हा आले.

"दुरुस्ती म्हणजे ती वस्तू आधी असायला हवी. या घरात पूर्वी कोणी संडासाला बसल्याचा पुरावा?"

"आता बसून दाखवू का?" आक्काने खाटेवरून विचारलं.

त्यांनी उंबऱ्यावर सूत मारलं. समुद्र खळं ओलांडून आला. एक बोय मासा उंबऱ्याला तोंड लावून आत बघत राहिला.

बेटाच्या पश्चिमेला तेव्हा हॉटेल उठत होतं. तीन मजली, प्रत्येक खोलीला न्हाणीघर, न्हाणीघरात झोपून आंघोळ करायचा टब. मी ते बोटाने दाखवलं.

"ते तात्पुरतं आहे," घोसाळकर म्हणाले.

"लाद्या बसवल्यात."

"तात्पुरत्या."

मी तिकडे जाऊन बघितलं. तिथलं सूत लांब खडकांवर मारलं होतं. समुद्र मागे हटून तिथे बसला होता, आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर माळी हिरवळ लावत होते. समुद्र काही कमी झालेला नव्हता. तिकडून उठवलेला माझ्या दारात आणून बसवला होता.

माझं डोकं फिरलं. मी हरकत लिहून दिली, त्यात हॉटेलचं नाव घातलं. घोसाळकर तिसऱ्यांदा आले. या वेळी चहा घेतला नाही. घरात शिरून आक्काच्या खाटेवर, तिच्या बरोबर कमरेवरून, सूत मारलं. समुद्र खोलीत आला आणि तिच्या कमरेशी थांबला. वर लुगडं कोरडं, खाली पाय पाण्यात.

"लाभार्थी निम्मी भरतीरेषेच्या आत आहे," ते म्हणाले. "निम्म्या माणसासाठी संडास मंजूर करायची तरतूद नाही."

ते गेल्यावर मी आक्काजवळ बसले.

"गुडघे दुखायचे थांबले गो," ती म्हणाली. मग हळूच, "पण मला जायचंय."

"इथेच कर. कोण बघतंय?"

"मासे बघतात."

माझी आक्का. आयुष्यात कुणापुढे पदर ढळू दिला नाही, ती माशांना लाजत होती.

मी खाट दाराबाहेर ढकलली, वल्हं घेतलं आणि तिला तालुक्याला नेलं. कचेरीवर कधी कुणी सूत मारलेलं नव्हतं, त्यामुळे ती कोरडी ठणठणीत होती. आक्काला पाठीवर घेऊन मी आत गेले आणि दाराजवळच्या बाकावर बसवलं. घोसाळकर पलीकडे टेबलाशी डबा खात होते.

"बाई, जेवणाची सुट्टी आहे."

बाकाच्या शेजारी एक दार होतं. पाटीवर लिहिलं होतं: 'फक्त अधिकाऱ्यांसाठी'. फटीतून पांढऱ्या लाद्या दिसत होत्या.

"मला जायचंय," आक्का म्हणाली.

"वाचता येतं ना?" घोसाळकर म्हणाले.

वाचता येतं. टेबलावर वाडग्यात नीळ होती, निळीत सूत. मी ते उचललं. एक टोक आक्काच्या मुठीत दिलं, दुसरं घेऊन समोरच्या भिंतीपर्यंत गेले. सूत खोलीच्या मधोमध ताणलं गेलं. बाक आणि ते दार आमच्या बाजूला राहिलं. टेबल, डबा आणि घोसाळकर पलीकडे.

"बाई, तो अधिकार तुम्हाला नाही."

"आक्का, घट्ट धर."

"धरलंय गो. लवकर कर, आता थांबवत नाही."

घोसाळकरांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. त्यांच्या पाठीमागच्या खिडकीखाली, बंदराच्या धक्क्याशी, समुद्राने इकडे तोंड वळवलं. निळीने माझे हात कोपरापर्यंत रंगले होते. मी टोक भिंतीवरच्या खिळ्याला गुंडाळलं, मधोमध येऊन वाकले आणि सूत चिमटीत धरून उचललं.