गोठ्यामागचा ट्रॅक्टर

गुरुवारी सकाळी ट्रॅक्टर सुरू झाला नाही, आणि तो का झाला नाही हे कळायला आर्मासला चांगला अर्धा तास लागला.

बॅटरी नवी होती. डिझेल हिवाळ्यासाठीचं, थंडीत न गोठणारं होतं. किल्ली फिरवली की इंजिन दोनदा कण्हायचं आणि गप्प व्हायचं. बाहेर थंडी उणे सत्तावीसवर होती. पण तीस वर्षांत याहून कडक थंडी पडून गेली होती आणि हा ट्रॅक्टर कधी अडला नव्हता. शेवटी आर्मासने हातमोजा काढून शेडच्या मागच्या भिंतीला हात लावला. भिंत गारठलेली होती. मग त्याला कळलं.

भिंतीपलीकडे गोठा होता. चौदा गाई होत्या. त्यांच्या अंगाची ऊब विटांमधून शेडमध्ये यायची आणि ट्रॅक्टर त्या उबेवर रात्र काढायचा. गावात प्रत्येक ट्रॅक्टरला इंजिन ऊबदार ठेवणारा विजेचा हीटर होता, आर्मासच्या ट्रॅक्टरला कधी लागलाच नाही. ऑक्टोबरात त्याची बायको हेल्वी गेली. दूध काढणं, कोणती गाय काय खाते, कोणती लाथ मारते, सगळं तिच्याकडे होतं. तिला पुरल्यावर दोन आठवडे त्याने कसंबसं केलं. तो गोठ्यात शिरला की गाई त्याच्याकडे बघायच्या आणि मग त्याच्या मागे, दाराकडे बघायच्या. ते त्याला सोसेना. त्याने गाई विकल्या. त्यानंतरची कडक थंडी ही पहिलीच.

आता एकच काम उरलं होतं, ते म्हणजे रस्ता. हमरस्त्यापासून तळ्याच्या टोकापर्यंतच्या खाजगी रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारायचं काम बावीस वर्षं त्याच्याकडे होतं. तळ्याच्या टोकाला आउनेबाई राहायच्या. आता शहाऐंशीच्या होत्या. आर्मास सात वर्षांचा असताना त्या या गावच्या शाळेत आल्या होत्या आणि पहिलीत त्यांनीच त्याला शिकवलं होतं. रस्ता समितीच्या चिटणीसही त्याच होत्या.

दुपारी त्यांचा फोन आला.

"आज ट्रॅक्टरचा आवाज आला नाही."

"आज बर्फ पडला नाही, बाई."

"ते मला खिडकीतून दिसतं. तू थंडीत रोज सकाळी एकदा सुरू करून बघतोस. तळ्यावरून ऐकू येतं मला. आज आलं नाही."

आर्मासने खरं ते सांगितलं.

"रविवारी मोठा बर्फ सांगितलाय," बाई म्हणाल्या. "माझी नर्स आठला येते, इन्सुलिन द्यायला. तिची गाडी एवढीशी. रविवारी तू आला नाहीस तर सोमवारी मला कंत्राटदाराला फोन करावा लागेल. मला आवडणार नाही, पण करीन."

"करावाच लागेल."

"मग तशी वेळ आणू नकोस."

फोन ठेवून तो स्वयंपाकघरात बसून राहिला. रस्ता गेला तर सकाळी पाच वाजता उठायला काही कारण राहणार नव्हतं. हे त्याने कुणाला सांगितलं नसतं, पण त्याला ते नीट माहीत होतं.

शुक्रवारी तो चर्च असलेल्या मोठ्या गावातल्या दुकानात गेला. मोटारीला हीटर होता, तो हेल्वीने हट्टाने बसवून घेतलेला. त्याची वायर संध्याकाळी अंगणातल्या खांबाला जोडायची, सकाळी काढून गुंडाळायची, हे तिचंच काम असे. ती आधी बाहेर जाऊन काच खरवडायची, मग तो आयता येऊन बसायचा. आता मोटार गोठलेली असली तर तो ती दुपारपर्यंत तशीच ठेवायचा.

"आर्मास हीटर मागतोय," दुकानदार तूरे म्हणाला. "थांब, कॅलेंडरवर खूण करून ठेवतो."

"बोलू नको, दाखव."

तूरेने तीन वस्तू काढल्या. "हा चुंबकाचा. तेलाच्या टाकीला खालून चिकटवला की झालं. पण तेल तेवढं गरम होतं. तुझ्या थंडीत याचा निभाव लागायचा नाही. हा इंजिनाच्या पोटात बसतो. सगळ्यात चांगला. पण त्यासाठी इंजिनाचं बूच काढावं लागतं, वर्कशॉपचं काम आहे."

"वर्कशॉपपर्यंत न्यायला तो आधी सुरू व्हायला हवा."

"तेही खरंच. मग हा डबा घे. इंजिनातलं पाणी एका नळीने यात येतं, गरम होतं, दुसऱ्या नळीने परत जातं. घरी बसवता येतो. फक्त आतला कागद वाच. वाचशील ना?"

"वाचतो."

तूरेने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. हेल्वी दुकानात उभ्या उभ्या कागद उघडायची आणि तूरेलाच प्रश्न विचारायची, हे तो विसरला नव्हता. डब्याबरोबर नळ्या आवळायच्या चार पट्ट्या जास्तीच्या टाकल्या.

नवीन काही आणलं की हेल्वी शेडमध्ये बादली पालथी घालून बसायची आणि कागद मोठ्याने वाचायची. तो पाना उचलायला लागला की म्हणायची, "थांब, वाक्य संपू दे." आर्मासने बादली पालथी घातली आणि कागद तिच्यावर ठेवला. अक्षरं बारीक होती. दोन ओळी वाचल्या की तिसरी निसटायची. लहानपणापासून तसंच होतं. शेवटी त्याने कागद तिथेच ठेवला आणि डबा हात पोचेल अशा ठिकाणी, इंजिनाच्या कडेला उंचावर बसवला. नळ्या जोडल्या, पट्ट्या आवळल्या, पाणी भरलं, वीज लावली.

दोन तासांनी डबा आतून गुरगुरत होता आणि हात ठेववत नव्हता. इंजिन मात्र दगडासारखं गार. मग डब्यातून टक् आवाज आला आणि तो आपोआप बंद पडला.

शनिवारी सकाळी आर्मासने कागद जॅकेटच्या आतल्या खिशात घातला आणि पायाने रेटायची घसरगाडी काढली. दोन किलोमीटर रस्ता होता. बाईंनी दार उघडलं, त्याच्याकडे पाहिलं, मग खिशातून डोकावणाऱ्या कागदाकडे.

"पहिलीतही ओळी गाळायचास," त्या म्हणाल्या. "बस. कॉफी घे."

वेलदोड्याचा पाव त्याच्यापुढे सरकवून त्यांनी चष्मा लावला आणि वर्गात वाचायच्या तशा आवाजात सुरुवात केली. "डबा इंजिनाच्या सर्वात खालच्या पाण्याच्या तोंडापेक्षा खाली बसवावा. कुठे बसवलास?"

"वर."

"वर. गरम पाणी कुठे जातं, आर्मास?"

"वर."

"मग ते खाली इंजिनात कशाला येईल? पुढे ऐक. वीज लावण्यापूर्वी इंजिन चालवून नळ्यांतली हवा पूर्ण काढावी."

"बाई, इंजिन चालत असतं तर हीटर कशाला घेतला असता?"

आउनेबाईंनी कागद उलटा करून पाहिला. मागे तेच स्वीडिशमध्ये होतं. "हे लिहिणारा थंडीत कधी बाहेर पडला नसावा," त्या म्हणाल्या. "माझे वडील लॉरीत सौनातलं गरम पाणी ओतायचे. लॉरी निघायची. तुझं ते इंजिनातलं हिरवं, न गोठणारं पाणी गरम करून भर आणि वरची नळी सैल ठेव, बुडबुडे थांबेपर्यंत. सौना तापव तुझी."

आर्मासने कप खाली ठेवला. सौना म्हणजे अंगणातली वाफेच्या अंघोळीची लाकडी खोली; दर शनिवारी तो आणि हेल्वी तिथे बसायचे. "हेल्वी गेल्यापासून तापवली नाही."

"माहीत आहे. शनिवारी तुझ्या सौनाच्या धुराड्यातून धूर दिसत नाही." त्यांनी कागदाची नीट घडी घालून त्याला दिली. "ट्रॅक्टरसाठी तापव. मग तापलीच आहे म्हणून आत बस."

घरी येऊन त्याने बर्चची लाकडं आणली आणि सौनाची चूल पेटवली. सुरुवातीला धूर आत आला. चार महिने धुराडं गार होतं. डबा सोडवून खाली, इंजिनाच्या पायाशी बसवला. पाठ दुखायला लागली तसा तो बादलीवर बसला आणि पुढचं वाक्य बाईंच्या आवाजात आठवून पाहिलं. पाणी गरम झाल्यावर बादलीने आणून ओतलं. वरच्या नळीतून आधी फुसफुस झाली, मग बुडबुडे, मग सरळ हिरवी धार. त्याने पट्टी आवळली आणि वायर अंगणातल्या खांबावरच्या पेटीला जोडून वीज लावली. तासाभराने इंजिनाला हात लावला तर कोमट होतं. गाईच्या कुशीला हात लावल्यासारखं. पेटीतला टायमर पहाटे चारवर लावून तो सौनात गेला. वरच्या बाकावर त्याची जागा उजवीकडे होती, तो तिथेच बसला. डावीकडची जागा रिकामी ठेवून तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं.

रविवारी साडेपाचला अंगणात बर्फ गुडघ्याच्या वर होता. त्याने किल्ली फिरवली. इंजिन एकदा कण्हलं आणि सुरू झालं. तो काही वेळ नुसता आवाज ऐकत बसला, मग गिअर टाकून निघाला.

हमरस्त्यापर्यंत एक फेरी, परत, मग तळ्याच्या बाजूला. बर्फ सुका होता, दोन्हीकडे छान उडत होता. आउनेबाईंच्या अंगणात पोचला तेव्हा पावणेआठ झाले होते आणि त्या शाल घेऊन दारात उभ्या होत्या. तो खाली उतरला.

"आला की तुझा ट्रॅक्टर," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मान वाकडी केली. "मागे काय ओढत आणलंस?"

आर्मासने वळून पाहिलं. नारिंगी वायर सहा मीटर लांब बर्फात पडली होती. टोकाला प्लग होता, आणि प्लगला खांबावरच्या पेटीचं झाकण लटकत होतं.

"खांब तरी जागेवर आहे ना?"

"मागे बघितलंच नाही, बाई."

"दोन्ही फेऱ्यांना ती तुझ्या मागे होती?"

"असणार."

आउनेबाई हसायला लागल्या, शाल तोंडावर धरून, इतक्या की त्यांना दाराची चौकट धरावी लागली. मग आर्मासलाही हसू आलं. तेवढ्यात नर्सची छोटी गाडी साफ रस्त्यावरून आली. काच खाली करून तिने आधी वायरकडे आणि मग त्या दोघांकडे पाहिलं.

"आता ही बातमी दुपारपर्यंत तूरेच्या दुकानात पोचणार," बाई म्हणाल्या.

"पोचू दे. बाई, तो कंत्राटदाराचा फोन—"

"कसला फोन?" त्या नर्ससाठी दार धरून उभ्या राहिल्या. "उद्या निघण्याआधी काय करायचं?"

"वायर काढायची."

"आणि?"

"गुंडाळून ठेवायची."

"हं."

दार बंद झालं. आर्मासने झाकण सोडवून खिशात टाकलं. मग वायर उचलली आणि गुंडाळायला लागला, अंगठ्यापासून कोपरापर्यंत, कोपरापासून अंगठ्यापर्यंत, हेल्वी गुंडाळायची तशी. शेवटचा वेढा आडवा घेऊन गाठ मारली, आरशाच्या दांडीला अडकवली आणि नर्सला गाडी वळवायला जागा करायला निघाला.