झाकणाखालचं दव

मित्रांनो, मला जुना म्हणा, पण फुटका म्हणू नका. मी झाकणाचा भाताचा वाडगा आहे. माझी कड एके ठिकाणी उडाली आहे, एवढंच. जपानच्या डोंगरातल्या एका भट्टीत मी भाजलो गेलो आणि तिथल्याच ग्योतोकु गावातल्या या घरात दाइसुकेसानांचा वाडगा झालो. ते पोलीस. जेवण झालं की मला स्वतःच्या हातांनी धुवून ठेवत.

मग यादवी युद्ध संपलेल्या एका दूरच्या देशात शांतिसेना गेली. तिथल्या नव्या पोलिसांना शिकवायला दाइसुकेसानही गेले. इकडची जुनी रीत अशी, की प्रवासाला गेलेल्या माणसाचं पान घरी रोज वाढायचं. वाडग्याच्या झाकणाला आतून दव धरलं, म्हणजे माणूस सुखरूप. त्यांच्या पत्नी वनिताताई पुण्याच्या, नेमधर्माच्या. सासूबाईंची ही रीत त्यांनी नैवेद्यासारखी सांभाळली.

मोहिमेची मुदत संपत आली की वाढायची. "ही शेवटचीच," असा दाइसुकेसानांचा फोन यायचा. झाकलेल्या गोष्टी मला कळतात, मित्रांनो. त्या आवाजाखाली काहीतरी होतं.

लेक अनया तर सरळ म्हणायची, "उसो! खोटं आहे, ममा. माझ्या शाळेच्या निरोप समारंभाला येतो म्हणालेत ना? नाही येणार बघ."

"असं बोलू नये गं बाबांबद्दल," ताई म्हणायच्या. पण झाकण मात्र पुन्हा पुन्हा उचलून बघायच्या.

एकादशीला ताई भाताला शिवत नाहीत. एरवी माझ्यात गरम भगर असायची. या वेळी ती संपली होती, म्हणून त्यांनी केळं आणि शेंगदाणे ठेवले. थोड्या वेळाने झाकण उचललं, तर कोरडं! ताईंचा चेहरा उतरला. त्यांनी लगेच स्पीकरवर फोन लावला.

"मी ठीक आहे. काय झालं?"

"खरं सांगा. मुदत वाढते म्हणून तुम्ही अडकता, की तुम्हीच थांबता?"

दाइसुकेसान म्हणाले, "मुदत ते वाढवतात. थांबतो मी. इथल्या बायका आत्ता कुठे चौकीची पायरी चढायला लागल्यात. आम्ही निघून जाऊ, असा संशय आहे त्यांना. रोज डोकावून बघतात."

"आणि आम्हाला संशय कमी आहे?" अनया म्हणाली.

"समारंभाला येईन. रजा मागितली आहे."

"उसो," ती पुटपुटली. फोन ठेवल्यावर आईकडे वळली. "आणि ममा, केळ्याला वाफ कुठून येणार?"

द्वादशीला ताईंनी पारणं केलं, पण मला फळीवरून काढलंच नाही. वाटलं, आता आपली रवानगी, इथे जुनी भांडी टाकतात त्या न जळणाऱ्या कचऱ्याच्या पिशवीत. तेवढ्यात, आजवर मला हातही न लावणाऱ्या अनयाने मला खाली घेतलं. कुकरमधला भात भरला आणि झाकण ठेवलं.

"बसला वाटतं विश्वास?" ताईंनी विचारलं.

"नाही. पण भात गरम असू दे."

मित्रांनो, दूर गेलेल्या माणसावर संशय खुशाल घ्या, पण त्याचा वाडगा रिकामा ठेवू नका. त्या दिवशी झाकण उचलून कुणीच पाहिलं नाही. आतून ते पार भिजलं होतं.