खोली रिकामी नको

इमारत पाडायचं पालिकेने थांबवलं, ते बाईंच्या पत्रामुळे. बाई म्हणजे घरांच्या हक्कांवर आंतरराष्ट्रीय संघटनेतर्फे देशोदेशी फिरून चौकशी करणाऱ्या परदेशी तज्ज्ञ. कोणत्याच सरकारच्या नोकर नव्हेत. इमारतीत राहणाऱ्या, लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या मुलीने शेजाऱ्यांना गोळा करून बाईंना कळवलं होतं. त्यांनी सरकारला जाब विचारला आणि इमारतीवर ‘जैसे थे’चा हुकूम लागला.

जैसे थे म्हणजे पाडायचं नाही आणि दुरुस्तही करायचं नाही. लिफ्ट बंद पडली ती पडलीच. शिवाय पालिकेचे साहेब केव्हाही येऊन दार वाजवायचे आणि आतून कोणी ओ दिली नाही, तर खोली रिकामी ठरवून सील ठोकायचे. मुलगी कामावर, म्हणून खोलीत आई. खोली पाचव्या मजल्यावर, आणि आईचे गुडघे कामातून गेलेले. थंडी आली नि गेली, ती तिने खिडकीतूनच पाहिली.

“तुझ्या बाईने मला बरं डांबून ठेवलंय,” आई म्हणायची. मुलगी डबा भरून कामावर निघायची.

आज बाई स्वतः आल्या, म्हणून मुलगीही घरी थांबली होती. साहेबांनी तळमजल्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. बाई सरळ जिना चढल्या, मागोमाग त्यांचा दुभाषी आणि साहेब. वर पोचेपर्यंत तिघांनाही धाप लागली. आईने बाईंना पाणी दिलं आणि दुभाष्याला म्हणाली, “विचार हिला, लिफ्ट कधी चालू करतेस?”

“त्या म्हणतात, मी हुकूम देऊ शकत नाही. विचारू शकते, लिहू शकते.”

“एवढंच? ते तर माझी लेकही करते.”

दुभाष्याने मुलीकडे पाहिलं. “सांगा की,” ती म्हणाली.

बाईंनी ऐकलं आणि विचारलं, खाली शेवटचं कधी उतरलात?

“लिफ्ट होती तेव्हा. आता उतरले तर हे कुलूप लावतील.”

“आम्ही कशाला लावू,” साहेब म्हणाले. “नियम लावतो.”

बाई खिडकीजवळच्या आईच्या खुर्चीत बसल्या. दुभाषी म्हणाला, “त्या इथे थांबतात. तुम्ही जाऊन या.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं.

शेजारच्या प्लंबरने आणि त्याच्या भावाने दुसऱ्या खुर्चीसकट आईला उचललं. “सांभाळून रे,” आई म्हणाली, “मी पाईप नव्हे.”

खाली उन्हात तिने गुडघे शेकले. मग म्हणाली, “मावशीचं घर इथून किती लांब?”

“टॅक्सीने जवळच,” मुलगी म्हणाली. मावशीकडे जागा होती. आई गेली तर खोली गेली. जाऊ नकोस म्हणायला मात्र तिची जीभ रेटेना.

आईने मान वर केली. पाचव्या मजल्याच्या खिडकीत बाईंचा चेहरा दिसत होता, एवढासा, गजांमागे.

“मी अशी दिसते होय,” आई म्हणाली.

आईने पदर सावरला आणि प्लंबरला हाक मारली. “चला रे, उचला. त्या बाईला किती वेळ डांबून ठेवायचं?”